काळा कोट, सत्तेची खुर्ची – लेखांक ७ : हरलेला खटला

गेल्या आठवड्यात आपण आयर्लंडच्या शॉन मॅकब्राइड यांची वाटचाल पाहिली. बंदूक खाली ठेवून ते बॅरिस्टर झाले, मग परराष्ट्रमंत्री झाले आणि १९७४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. तो लेख संपताना एक प्रश्न शिल्लक राहिला होता. कोर्टात एका अशिलासाठी जीव तोडून भांडणारा वकील उद्या मंत्री झाला, तर त्याच्या युक्तिवादाचं काय होतं? कोर्टात जे तत्त्व म्हणून मांडलं, ते सत्तेत गेल्यावर गैरसोयीचं वाटू लागतं का? या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उत्तर एका फ्रेंच माणसाच्या आयुष्यात आहे. त्यांचं नाव रोबेर बादँतेर.

ला साँतेचं अंगण

२८ नोव्हेंबर १९७२. पॅरिसमधला ला साँते तुरुंग. अजून उजाडायचं होतं. आसपासच्या कोठड्यांमधून खालचं काही दिसू नये म्हणून अंगणावर काळं कापड ताणलं होतं आणि त्याखाली गिलोटिन उभं होतं. फ्रान्सने शिरच्छेदाचं हे यंत्र पहिल्यांदा वापरलं ते राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ साली. माणूस चंद्रावर जाऊन आला, तरी त्या देशाच्या दंडसंहितेत मृत्युदंड म्हणजे शिरच्छेदच होता.

त्या पहाटे दोन कैद्यांना तिथे आणलं गेलं. आधी रोजे बोंताँ, त्याच्यामागून क्लोद ब्युफे. बोंताँचे वकील म्हणून बादँतेर तिथे हजर होते. वय ४४. आपल्या अशिलाची शेवटची वाट त्यांनी डोळ्यांनी पाहिली, पाते पडल्याचा आवाज कानांनी ऐकला.

खटला असा होता. सप्टेंबर १९७१ मध्ये क्लेरव्हो इथल्या तुरुंगात या दोघांनी एका परिचारिकेला आणि एका पहारेकऱ्याला ओलीस धरलं. पोलीस आत घुसले तेव्हा दोन्ही ओलिसांचे गळे चिरलेले होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्र्वा शहरात खटला उभा राहिला. कोर्टाबाहेर जमाव दोघांच्या शिराची मागणी करत होता. गळे कुणी चिरले? ज्यूरीने उत्तर दिलं : ब्युफेने. बोंताँने कुणाचा जीव घेतला नाही, असं त्या ज्यूरीनेच ठरवलं. तरीही साथीदार म्हणून त्यालाही मृत्युदंड झाला, कारण फ्रेंच कायद्यात साथीदाराला मुख्य गुन्हेगाराइतकीच शिक्षा देता येत होती.

इथे फ्रेंच पद्धतीबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. गंभीर गुन्ह्यांचे खटले तिथे तीन न्यायाधीश आणि नऊ सामान्य नागरिक एकत्र बसून ठरवत. आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की मुंबईचा नानावटी खटला आठवतो. तिथे ज्यूरी आणि न्यायाधीश वेगळे होते, फ्रान्समध्ये ते एकाच खोलीत बसून मतं देत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या निकालावर त्या काळी अपीलच नव्हतं. कायद्याच्या मुद्द्यावर वरच्या कोर्टात दाद मागता यायची, पण पुराव्याचा फेरविचार होत नसे. सायकल चोरणाऱ्याला अपील होतं, डोकं जाणार त्याला नव्हतं. उरायची ती फक्त राष्ट्राध्यक्षांची दया. प्रथेप्रमाणे वकील स्वतः राष्ट्राध्यक्षांना भेटून आपलं म्हणणं मांडत. बादँतेर जॉर्ज पाँपिदू यांना भेटून आले. १९६९ नंतर फ्रान्समध्ये कुणाचा शिरच्छेद झाला नव्हता, पाँपिदूंनी तोवर आलेले दयेचे अर्ज मान्य केले होते, त्यामुळे आशा होती. या वेळी दया मिळाली नाही.

बादँतेर आधीपासूनच मृत्युदंडाच्या विरोधात होते. पण तोवर तो विचार होता, शिकलेल्या माणसाचं मत होतं. अंगणातून बाहेर पडल्यावर ते मत राहिलं नाही, ऋण झालं. ‘दोषी नसलेल्या’ माणसाला नव्हे, तर ‘ज्याने मारलं नाही’ अशा माणसाला कायद्याने, रीतसर, सगळ्या सह्या-शिक्क्यांनिशी मारलं गेलं होतं आणि वकील असून आपण काही करू शकलो नाही, ही बोच त्यांना आयुष्यभर पुरली. पुढच्याच वर्षी त्यांनी या खटल्यावर पुस्तक लिहिलं. पुढची नऊ वर्षं हा हरलेला खटला ते पुन्हा पुन्हा लढत राहिले, दर वेळी वेगळ्या अशिलासाठी.

लियाँमधली दुपार

ही बोच इतकी खोल का गेली, ते समजायला आणखी मागे जावं लागतं.

बादँतेर यांचा जन्म ३० मार्च १९२८चा, पॅरिसचा. आईवडील मूळचे बेसारेबियातले, म्हणजे आजच्या मोल्दोव्हाच्या परिसरातले ज्यू. झारच्या रशियातल्या ज्यूविरोधी दंगलींना कंटाळून ही माणसं पश्चिमेकडे निघाली, कारण राज्यक्रांतीने ज्यूंना बरोबरीचं नागरिकत्व देणारा पहिला युरोपीय देश म्हणजे फ्रान्स, ही त्यांची श्रद्धा. वडील सिमाँ फरच्या कपड्यांचा व्यापार करत. मुलाच्या जन्माच्या वर्षीच त्यांना फ्रेंच नागरिकत्व मिळालं. घरात अभ्यासाला आणि फ्रेंच भाषेला देवघरासारखा मान होता.

१९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला आणि व्हिशी इथे मार्शल पेताँ यांचं सरकार आलं. ऑक्टोबर १९४० मध्ये त्या सरकारने ज्यूंना सरकारी नोकऱ्या आणि कित्येक व्यवसाय बंद करणारा कायदा केला. हा कायदा फ्रेंच मंत्र्यांनी लिहिला, फ्रेंच राजपत्रात छापला आणि फ्रेंच कारकुनांनी अमलात आणला. ज्यूंची दुकानं काढून घेतली गेली. ज्या देशाच्या कायद्यावर सिमाँ बादँतेर यांनी सगळी भिस्त ठेवली होती, त्याच देशाने कायदा करून त्यांना परकं ठरवलं.

कुटुंब लियाँला गेलं. ९ फेब्रुवारी १९४३ रोजी गेस्टापोने सँत-कातरीन रस्त्यावरच्या एका ज्यू मदत कार्यालयात सापळा लावला. दिवसभर जो आत येईल तो पकडला जात होता. ८६ जण सापडले. त्यांत सिमाँ होते. लियाँच्या गेस्टापोचा प्रमुख होता क्लाउस बार्बी. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. २५ मार्चला सिमाँना द्राँसीच्या छावणीतून सोबिबोरच्या मृत्युछावणीत पाठवलं गेलं. तिथून ते परतले नाहीत. एक आजी आणि एक मामाही छावण्यांच्या वाटेवर गेले. आई शार्लोत दोन मुलांना घेऊन शाँबेरीजवळच्या कोन्याँ गावात लपून राहिली. गावाला ठाऊक होतं. गाव काही बोललं नाही.

रोबेर तेव्हा १४ वर्षांचे होते. एवढ्या वयात त्यांनी कायद्याची दोन्ही रूपं पाहिली. कायद्याने नागरिक केलं होतं, कायद्यानेच नागरिकत्वाचा अर्थ काढून घेतला. बहुमत, राजपत्र, शिक्का ही सगळी सामग्री असूनही एखादी गोष्ट अन्यायाची असू शकते, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पुढे ते जेव्हा म्हणत की माणसाच्या जिवावर राज्याचा हक्क नाही, तेव्हा त्यामागे हा अनुभव होता. म्हणून त्यांच्या भूमिकेला नुसता दयाळूपणा म्हणणं मला कमी वाटतं. त्यांचा प्रश्न ‘हा गुन्हेगार किती वाईट आहे?’ असा नसे. ‘राज्याला कुठपर्यंत जाऊ द्यायचं?’ हा त्यांचा प्रश्न होता.

पुन्हा त्र्वा

युद्धानंतर ते कायदा शिकले, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेऊन आले आणि १९५१ मध्ये पॅरिसमध्ये वकिली सुरू केली. आँरी तोरेस या नामवंत फौजदारी वकिलाच्या हाताखाली ते घडले. बचावाचा वकील हा समाजाच्या रागापुढे एकटा उभा राहणारा माणूस, ही तोरेस यांची शिकवण. बादँतेर विद्यापीठात कायदा शिकवू लागले, सहकाऱ्याबरोबर मोठी फर्म उभी केली, पैसा आणि नाव दोन्ही कमावलं. व्यापारी दाव्यांत आयुष्य सुखात गेलं असतं. १९७२ची ती पहाट मध्ये आली.

जानेवारी १९७७. शहर तेच, त्र्वा. कोर्टही तेच. आरोपी पात्रिक आँरी या २३ वर्षांच्या तरुणाने सात वर्षांच्या एका मुलाला खंडणीसाठी पळवून मारलं होतं. प्रकरण उघडकीला आलं तेव्हा टीव्हीच्या रात्रीच्या बातम्यांची सुरुवातच फ्रान्स भेदरला आहे, या वाक्याने झाली होती. आँरी आधी संशयित म्हणून सुटला होता, तेव्हा याच माणसाने कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं की असं कृत्य करणाऱ्याला मृत्युदंडच हवा. गुन्ह्याबद्दल शंका नव्हती. दोन मंत्र्यांनी खटल्याआधीच मृत्युदंडाची अपेक्षा बोलून दाखवली होती. त्याचं वकीलपत्र घ्यायला सहजी कुणी धजेना. शेजारच्या शहरातले ज्येष्ठ वकील रोबेर बोकियाँ यांनी ते घेतलं आणि बादँतेर यांना सोबतीला बोलावलं.

बादँतेर यांनी त्या दिवशी एक वेगळीच वाट धरली. आपला अशील चांगला आहे असं त्यांनी भासवलं नाही. त्यांनी खटला उभा केला तो मृत्युदंडावर. तज्ज्ञांना बोलावून या शिक्षेने गुन्हे कमी होतात का, याची साक्ष काढली. मग ज्यूरीतल्या नऊ जणांशी ते बोलले. जिवंत माणसाचे दोन तुकडे करणं म्हणजे काय, ते आडपडदा न ठेवता सांगितलं. राष्ट्राध्यक्ष दया दाखवतील, या भरवशावर मत देऊ नका, निर्णय तुमचा आहे, असं बजावलं. आणि शेवटी म्हणाले की एक दिवस ही शिक्षा रद्द होईल, तुम्ही मात्र आपल्या निकालासह उराल, आणि तेव्हा तुमची मुलं तुमच्याकडे कशा नजरेने पाहतील, ते तुम्हाला दिसेल.

२० जानेवारीला निकाल आला : जन्मठेप. बाहेर जमाव खवळला. बादँतेर यांना धमक्यांची पत्रं येत राहिली. पण कायद्याच्या वर्तुळात सगळ्यांना कळलं की इतक्या क्रूर गुन्ह्यातही ज्यूरीला थांबवता येतं. १९८१ पर्यंत बादँतेर यांनी एकूण सहा जणांना गिलोटिनपासून वाचवलं.

इथे वाचकांपासून एक गोष्ट लपवणं बरोबर नाही. पात्रिक आँरी २००१ मध्ये सशर्त सुटला आणि दीड वर्षाच्या आत अमली पदार्थांसह पकडला जाऊन पुन्हा आत गेला. २०१७ मध्ये आजारामुळे सुटका झाली आणि थोड्याच महिन्यांत त्याचा मृत्यू झाला. बादँतेर यांचा युक्तिवाद चुकीचा ठरला का? मला तसं वाटत नाही. वाचवलेला माणूस चांगला निघेल, या अटीवर त्यांनी तो मांडलाच नव्हता. चांगुलपणाची अट घातली, तर हक्क हक्क राहत नाही, बक्षीस होतं.

१८ सप्टेंबर १९८१

कोर्टात एकेक जीव वाचवता येत होता. पण एका ज्यूरीने सोडलं तरी दुसरी धरत होती. १९७७ मध्येच मार्सेयच्या तुरुंगात १० सप्टेंबरला हमिदा जांदुबी याचा शिरच्छेद झाला. फ्रान्समधला तो शेवटचा, पण त्या दिवशी हे कुणालाच माहीत नव्हतं. कायदा बदलायचा तर संसदेतूनच बदलावा लागणार होता.

१९८१च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत समाजवादी पक्षाचे फ्राँस्वा मितराँ उभे होते. बादँतेर त्यांचे जुने मित्र आणि सहकारी. मार्चमध्ये, मतदानाला काही आठवडे उरले असताना, टीव्हीवर मितराँना मृत्युदंडाबद्दल थेट विचारलं गेलं. जनमत चाचण्या विरोधात आहेत हे माहीत असूनही मी मनापासून या शिक्षेच्या विरोधात आहे, असं त्यांनी सांगितलं. १० मे रोजी ते निवडून आले. त्याच महिन्यात त्यांनी मृत्युदंड झालेल्या फिलिप मोरिस या कैद्याला दया दिली. पोलिसाच्या खुनात शिक्षा झालेल्या या माणसाने पुढे तुरुंगातच अभ्यास करून मध्ययुगीन इतिहासात डॉक्टरेट मिळवली. २३ जूनला बादँतेर न्यायमंत्री झाले.

त्यांनी घाई केली आणि ती जाणूनबुजून केली. नव्या सरकारची पुण्याई पहिल्या काही महिन्यांत असते. शिवाय शरद ऋतूत कोर्टं पुन्हा सुरू होणार होती आणि नवे मृत्युदंड सुनावले जाण्याची भीती होती. १७ सप्टेंबरला त्यांनी राष्ट्रीय सभेपुढे विधेयक मांडलं. पहिलं कलम एका वाक्याचं होतं : मृत्युदंड रद्द करण्यात येत आहे. अपवाद नाही, ‘पण’ नाही, ‘तरीही’ नाही. व्हिक्टर ह्यूगो यांनी १८४८ मध्ये संसदेत नेमकं असंच, बिनशर्त आणि कायमचं निर्मूलन मागितलं होतं. मध्ये १३३ वर्षं गेली होती.

त्या भाषणातला एक दाखला मला सर्वांत बोलका वाटतो. मृत्युदंडाच्या भीतीने गुन्हे थांबतात, या समजाला उत्तर देताना बादँतेर यांनी त्र्वाची गोष्ट सांगितली. १९७२ मध्ये कोर्टाबाहेर ब्युफे आणि बोंताँ यांच्या मरणाच्या घोषणा देणाऱ्या गर्दीत एक तरुण होता, असं ते म्हणाले. त्याचं नाव पात्रिक आँरी. भीती त्याला चांगली ठाऊक होती, ती त्याने दुसऱ्यांसाठी मागितलीही होती, आणि तरी चार वर्षांनी त्याने मुलाला मारलं. ब्युफेची गोष्ट तर याहून पुढची. त्याने स्वतःसाठी मृत्युदंड मागितला होता. ज्याला मरायचंच आहे, त्याला मरणाचा धाक काय वाटणार?

विरोधक विचारत होते : मृत्युदंड काढताय, तर त्याच्या जागी काय ठेवणार? कधीच सुटका नसलेली कैद? बादँतेर यांनी नकार दिला. एका यातनेच्या जागी दुसरी यातना ठेवायची नसते, हे त्यांचं उत्तर होतं.

१८ सप्टेंबरला मतदान झालं. बाजूने ३६३, विरोधात ११७. विरोधी पक्षातल्या काहींनी पक्षाची चौकट सोडून बाजूने मत दिलं, त्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जाक शिराक होते. खरी परीक्षा सिनेटमध्ये होती, कारण तिथे बहुमत विरोधकांचं. मजकुरात एक शब्द बदलला असता, तरी विधेयक दोन्ही सभागृहांत फिरत राहिलं असतं आणि तेवढ्या काळात अपवादांची भोकं पडली असती. ३० सप्टेंबरला सिनेटने ते जसंच्या तसं मंजूर केलं, १६० विरुद्ध १२६. ९ ऑक्टोबर १९८१ला कायदा झाला. त्याच सुमारास आलेल्या जनमत चाचणीत ६२ टक्के लोक मृत्युदंड हवा, असं म्हणत होते.

हा आकडा बाजूला सारून पुढे जाता येणार नाही. लोकशाहीत बहुमताविरुद्ध कायदा करणं योग्य आहे का? उत्तराचे दोन भाग आहेत. मितराँ यांनी आपलं मत निवडणुकीआधी, मतं जाण्याचा धोका पत्करून, सर्वांसमोर सांगितलं होतं. लोकांना फसवलं नव्हतं. दुसरा भाग १९४० मधून येतो. काही गोष्टी मोजणीवर सोडायच्या नसतात, हे ज्याच्या वडिलांना मोजणीतून वगळलं गेलं त्या मुलाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सर्वांत नावडता मंत्री

बादँतेर यांच्या मंत्रिपदाची पाच वर्षं फक्त या एका कायद्याने ओळखली जातात, पण काम त्याहून मोठं होतं. राजकीय खटल्यांसाठी १९६३ मध्ये नेमलेलं खास राज्यसुरक्षा न्यायालय त्यांनी १९८१ मध्येच रद्द केलं. सरकारने हक्क डावलले, तर फ्रेंच नागरिकाला थेट स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार यंत्रणेकडे दाद मागता येईल, अशी वाट त्याच वर्षी मोकळी झाली. १९८२ मध्ये समलैंगिक व्यक्तींसाठी संमतीचं वय वेगळं ठेवणारं दंडसंहितेतलं कलम गेलं. हे कलम मुळात १९४२चं, व्हिशी सरकारचं. वडिलांना परकं ठरवणाऱ्या राजवटीने मागे ठेवलेली एक काडी मुलाने कायद्यातून वेचून काढली. १९८५ मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींना भरपाई मिळणं सोपं करणारा कायदा आला. फ्रान्समध्ये आजही त्याला ‘बादँतेर कायदा’च म्हणतात. गुन्हेगारांचा कैवारी म्हणून ज्याला हिणवलं गेलं, त्याचं नाव रोजच्या व्यवहारात टिकलं ते पीडितांच्या बाजूच्या कायद्यामुळे.

तेव्हा मात्र शिव्याच वाट्याला आल्या. कुठेही गुन्हा घडला की बोट त्यांच्याकडे वळे. दोन पोलीस मारले गेल्यावर जून १९८३ मध्ये पॅरिसचे पोलीस मोर्चा घेऊन प्लास व्हाँदोम चौकात, न्याय मंत्रालयाच्या खिडक्यांखाली, त्यांच्या राजीनाम्याच्या घोषणा देत उभे राहिले. त्यांनी राजीनामा दिला नाही.

बार्बी परत येतो

आणि आता ते नाव. युद्धानंतर क्लाउस बार्बी खोट्या नावाने बोलिव्हियात राहत होता. बेआत आणि सेर्ज क्लार्सफेल्ड या दांपत्याने वर्षानुवर्षं त्याचा माग काढला. फेब्रुवारी १९८३ मध्ये बोलिव्हियाने त्याला फ्रान्सच्या ताब्यात दिलं. न्यायमंत्री होते रोबेर बादँतेर.

१९५० च्या दशकात फ्रेंच न्यायालयांनी बार्बीला गैरहजेरीत दोनदा मृत्युदंड सुनावला होता. मुदतीच्या कायद्याने त्या शिक्षा संपल्या होत्या. पण मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना १९६४ पासून फ्रान्समध्ये मुदत लागत नव्हती, म्हणून नव्याने खटला चालवता येत होता. फक्त आता निकाल काहीही लागला, तरी बार्बीचं डोकं जाणार नव्हतं. ती शक्यता दीड वर्षापूर्वी याच मंत्र्याने कायमची मिटवली होती.

एखाद्याच्या तत्त्वाची याहून कठीण परीक्षा मला माहीत नाही. बादँतेर यांनी कुठलाही अपवाद मागितला नाही. त्यांनी एवढंच केलं की बार्बीला आधी लियाँच्या माँल्युक तुरुंगात ठेवायला लावलं. बार्बी स्वतः प्रतिकार चळवळीतल्या माणसांना आणि ज्यूंना तिथेच डांबत असे. मग खटल्याची तयारी कायद्याच्या चालीने चालू राहिली. १९८५ मध्ये त्यांनी आणखी एक कायदा आणला : इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या खटल्यांचं चित्रीकरण करून ते जपून ठेवण्याची मुभा. बार्बीचा खटला असा चित्रित झालेला पहिला खटला.

तो मे १९८७ मध्ये लियाँत सुरू झाला. आरोपांत इझिय गावच्या आश्रमातून नेलेली ४४ मुलं होती, आणि सँत-कातरीन रस्त्यावरचा ९ फेब्रुवारी १९४३ चा छापाही होता. ४ जुलैला जन्मठेप झाली. चार वर्षांनी बार्बी तुरुंगात मेला. ज्या माणसाने कुणालाही वकील, खटला किंवा दया दिली नाही, त्याला हे सगळं मिळालं. सिमाँ बादँतेर यांना जे नाकारलं गेलं ते त्यांच्या मारेकऱ्याला देणं, हाच त्या दोन राज्यांमधला फरक होता. त्र्वाच्या कोर्टात हरलेला युक्तिवाद लियाँच्या कोर्टात कसोटीला उतरला, आणि त्या दिवशी तो मांडायला बादँतेर यांना कोर्टात असण्याचीही गरज नव्हती.

तीन कुलपं आणि आपला दरवाजा

पुढचं थोडक्यात. १९८६ ते १९९५ ते संविधान परिषदेचे अध्यक्ष होते. युगोस्लाव्हिया फुटत असताना नव्या देशांच्या सीमा आणि मान्यतेवर कायदेशीर मत देणाऱ्या युरोपीय आयोगाचं काम त्यांनी पाहिलं. १९९५ ते २०११ ते सिनेटर होते.

या काळात मृत्युदंड परत आणण्याचे प्रस्ताव येतच राहिले. म्हणून बादँतेर एका कायद्यावर थांबले नाहीत. साधा कायदा पुढचं बहुमत बदलू शकतं. १९८१चा कायदा हे पहिलं कुलूप. दुसरं कुलूप कराराचं : युरोपीय मानवाधिकार कराराचा मृत्युदंडबंदीचा सहावा जोडकरार फ्रान्सने १९८६ मध्ये मान्य केला, म्हणजे मागे फिरायचं तर आंतरराष्ट्रीय वचन मोडावं लागणार. तिसरं कुलूप संविधानाचं. १९ फेब्रुवारी २००७ रोजी व्हर्सायमध्ये दोन्ही सभागृहं एकत्र बसली आणि कुणालाही मृत्युदंड देता येणार नाही, हे वाक्य संविधानात गेलं. ८२८ विरुद्ध २६. राष्ट्राध्यक्ष होते जाक शिराक, २६ वर्षांपूर्वी पक्षाची चौकट सोडून मत देणारे. सिनेटच्या बाकावर बादँतेर बसले होते. हक्क मिळवण्याइतकंच तो टिकवण्याचं काम असतं आणि ते कंटाळवाण्या कलमांमधून होतं, हे या तीन कुलपांमधून शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत मृत्युदंडाच्या अपिलांवर चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं की अपिलाची सोय करण्यापेक्षा ही शिक्षाच रद्द करण्याला माझा पाठिंबा राहील, अहिंसा मानणाऱ्या देशाला तेच शोभतं. ते घडलं नाही. मे १९८० मध्ये, फ्रान्सच्या निर्णयाच्या सव्वा वर्ष आधी, सर्वोच्च न्यायालयाने बच्चन सिंग खटल्यात चार विरुद्ध एक मतांनी मृत्युदंड वैध ठरवला आणि ‘दुर्मिळातलं दुर्मिळ प्रकरण’ ही कसोटी दिली. एकट्या न्या. भगवतींचं मत विरोधात होतं. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने काही लैंगिक गुन्ह्यांना मृत्युदंडाची तरतूद असलेलं ‘शक्ती’ विधेयक एकमताने मंजूर केलं. त्यामागचा संताप खरा होता, त्या लेकींचं दुःख खरं होतं. त्र्वाच्या कोर्टाबाहेरचा संतापही खराच होता. संताप खरा असताना कायदा कुणाकडे पाहून करायचा, एवढाच प्रश्न बादँतेर आपल्यापुढे ठेवतात. वाचकांनी तो आपल्यापुरता सोडवावा.

बादँतेर गेले ९ फेब्रुवारी २०२४ रोजी, ९५व्या वर्षी. वडिलांच्या अटकेला त्या दिवशी ८१ वर्षं झाली होती. प्लास व्हाँदोम चौकातच, जिथे कधी त्यांच्या विरोधात मोर्चा आला होता, राष्ट्राने त्यांना निरोप दिला. ९ ऑक्टोबर २०२५ला, मृत्युदंड रद्द झाल्याच्या तारखेला, फ्रान्सच्या थोर व्यक्तींच्या स्मृतिमंदिरात, पाँतेओंमध्ये, त्यांना स्थान मिळालं. त्याच दिवशी त्यांच्या कबरीवर कुणीतरी द्वेषाचे शब्द फासून गेलं होतं. देह त्या कबरीतच राहिला. पाँतेओंमध्ये नेलेल्या शवपेटीत काही पुस्तकं होती, १९८१च्या भाषणाची प्रत होती आणि त्यांचा वकिलीचा काळा झगा होता. खुर्च्या त्यांना पुष्कळ मिळाल्या. सोबत न्यायला निवडला गेला तो झगा, बोंताँसाठी उभं राहून हरलेल्या वकिलाचा.

*पुढच्या आठवड्यात : दक्षिण आफ्रिकेचे ब्राम फिशर. सत्ताधारी आफ्रिकानर घराण्यात जन्मलेल्या या वकिलाने रिव्होनिया खटल्यात नेल्सन मंडेला यांचा बचाव केला आणि पुढे स्वतः जन्मठेप भोगली.*